तिरक्या रेघेच्या मागावर रत्नागिरीत

रत्नागिरीला लोक समुद्रासाठी जातात, आंब्यासाठी जातात, कुणाच्या तरी लग्नाला जातात. मी भांडायला गेले होते. पाठीवरच्या पिशवीत दोन ड्रेस, लॅपटॉप आणि भांडणाचं कारण होतं: चित्रं काढायची एक डिजिटल पाटी आणि तिचं पेन.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. वहीएवढा सपाट, काळा पत्रा वाटावा अशी ही पाटी तारेनं लॅपटॉपला जोडायची. पाटीवर पेन फिरवलं की रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर उमटते. पोस्टरवाले, मासिकांत चित्रं काढणारे, कार्टूनवाले सगळे हल्ली यावरच काम करतात. बाजारात मिळतात त्या पाट्या बहुतेक परदेशी आणि गोंदानं चिकटवून बंद केलेल्या. बिघडली की फेकायची, नवी घ्यायची. रत्नागिरीत मात्र एक बाई स्वतः अशी पाटी बनवते, ती स्क्रूनं उघडते, आणि पेनाचं टोक झिजलं तर ती टपालानं नवं टोक पाठवते, हे मला कळलं आणि मी पेटले.

मी इचलकरंजीची. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं उशिरा आली, पत्रकं आधी. आई यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होती आणि मी अक्षरं शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दांवर बोट ठेवून. आजही आमची पाचसहा जणांची टोळी पत्रकं काढते, चित्रांसकट. तर मी पत्रक लिहिलं: ‘जी वस्तू उघडता येत नाही, ती आपली नाही!’ खाली रत्नागिरीच्या पाटीची ठसठशीत शिफारस. माझ्या शब्दावर ओळखीच्या बऱ्याच जणांनी पाट्या मागवल्या. आणि एकेकाचे फोन सुरू झाले. आडवी रेघ सरळ, उभी रेघ सरळ. तिरकी रेघ सावकाश ओढली की तिला करवतीसारखे दात येतात. माझ्याही पाटीवर तेच. रत्नागिरीला फोन केला की एकच उत्तर, “आमच्याकडं तर नीट चालते.” असलं उत्तर मी यंत्रमागमालकांच्या तोंडून ऐकत मोठी झाले आहे. म्हटलं, समोर जाऊनच ऐकू.

रत्नागिरी

आंबा घाट उतरला की आधी रंग बदलतो, मग माणसांचा सूर. आमच्याकडं रस्त्याकडेला काळी रानं आणि ऊस. इथं सगळं तांबडं. घरांच्या भिंती, बागांच्या कुंपणांचे गडगे, विहिरीचे काठ, बसथांब्याची बाकं, सगळं एकाच दगडाचं. जांभा दगड, त्याचा कापून काढलेला ठोकळा म्हणजे चिरा. आमच्याकडं बोलताना माणूस वाक्य आपटतो, इथं वाक्य शेवटी जरा वर उचलून सोडतात. त्यामुळं इथला माणूस रागावला आहे की चेष्टा करतो आहे, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

कारखाना म्हणून मी जे डोळ्यांपुढं आणलं होतं तसं काही नव्हतं. स्टेशनच्या पलीकडं, आंब्याच्या कलमांना लागून एक कौलारू घर, त्याची लांब पडवी, आणि पडवीभर गिलावा न केलेला चिऱ्याचा कट्टा. कट्ट्यावर पाट्या मांडलेल्या, जशा पापड वाळत घालतात तशा. संपदा मयेकर तिथंच उभी होती, तिशीतली, कानावर पेन अडकवलेली. हे सारं तिनं उभं केलंय. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, काही वर्षं मुंबईत मोबाइल दुरुस्ती, मग परत गावी. नवरा बोटीवर असतो. तिच्या शेजारी खुर्चीत पाय वर घेऊन एक काकी केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळत होत्या. या शालूकाकी. पेनाच्या पोटात जाणारी गुंडाळी त्या करतात.

मी नाव सांगितलं. काकींनी हात न थांबवता मान वर केली.

“क्रांती? आणि क्रांती आली काय करायला, तर पाटी बदलून मागायला?”

“काकी, गप गो,” संपदा म्हणाली, पण हसली.

मी हसले नाही. पाटी काढली, कट्ट्यावर ठेवली, लॅपटॉप जोडला आणि म्हटलं, “बघा आता.” पेन टेकवलं आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश, तिरकी रेघ ओढली.

रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ आली.

पुन्हा ओढली. पुन्हा सरळ. उलट्या बाजूनं, हळू, त्याहून हळू. दात नाही, कंप नाही. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“आमच्याकडं नीट चालते,” संपदा म्हणाली. “सगळ्यांना हेच सांगते मी. इथलीही माणसं येतात तक्रार घेऊन. इथं ठेवली की सरळ चालते, मग ती आपली लाजून घरी जातात. मी सांगते, मनगट सैल सोडा, हात दाबू नका.”

“घाटावरची माणसं दाबून लिवतात,” काकी म्हणाल्या. “ऊस तोडल्यासारी.”

भांडायला आलेल्या माणसाला भांडणच न मिळणं यापेक्षा वाईट काही नसतं. त्यात त्यांनी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, भात, बांगड्याचं सार, सोलकढी. सारात एक लहानसं, काळपट, फुटलेलं बोंड होतं. मिरी समजून मी ते चावलं. जीभ आधी झणझणली आणि मग नाहीशीच झाली. तिरफळ! वासासाठी घालतात, चावत नाहीत, हे प्रत्येक कोकणी मूल जन्मतः जाणत असावं. मी तोंड उघडं टाकून बसले आणि काकी एवढ्या हसल्या की त्यांचा भात सांडला. “आता कशी शांत झाली क्रांती!” तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाचा हा पराभव मी इथं नोंदवून ठेवते.

त्या जेवणातच मला कळलं की हे घर कशाच्या काठावर उभं आहे. शनिवारी जयगडच्या शाळेत आसपासच्या गावांतले चित्रकलेचे शिक्षक जमणार होते. पाट्या पसंत पडल्या तर ते आपापल्या शाळांसाठी घेणार होते. आणि जयगडच्याच खाजगी बंदरातून संपदाला वीजदुरुस्तीच्या खात्यात नोकरीचं बोलावणं होतं. तिनं शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली होती.

“तक्रारी ऐकून ऐकून मी दमले,” ती सोलकढीचा पेला फिरवत म्हणाली. “प्रत्येक पाटी उघडून बघते, चूक सापडत नाय. मग वाटतं, चूक माझ्यातच आहे. आपल्याला हे जमत नाय. शिक्षकांनी घेतल्या तर चालवीन. नाय तर बंदर.”

“आणि मी?” काकी म्हणाल्या. “बंदरात मना काय बोटीला तार गुंडाळायला घेणार?”



भाट्ये

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षानं भाट्याला गेले. पूल ओलांडला की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला लांबलचक वाळू आणि सुरूचं बन. आमच्या पंचगंगेच्या घाटावर सकाळी जितकी माणसं कपडे धुतात तितकीसुद्धा माणसं त्या अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती. मी सुरूच्या सावलीत बसले, लॅपटॉप पिशवीवर ठेवला, पाटी मांडीवर घेतली आणि समोरच्या होडीचं चित्र काढायला लागले.

नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, तिरकी रेघ ओढली. दात!

मी मनगट सैल सोडलं. दात. हात बदलला, डाव्या हातानं ओढली. दातच, फक्त वाकडे. मी उठून तरातरा त्या होडीपाशी गेले, पाटी तिच्या लाकडी फळीवर ठेवली आणि ओढली. करवत! मला एवढा आनंद झाला की जाळं झटकणारा एक माणूस थांबून बघायला लागला. मी संपदाला फोन लावला.

“आत्ताच्या आत्ता भाट्याला या.”

“काय झालं? बुडतेयस?”

“तुमची पाटी बुडतेय. या.”

ती स्कूटरवरून आली, चेहऱ्यावर वैतागच होता. मी पेन तिच्या हातात दिलं. तिनं होडीच्या फळीवर, स्वतःच्या हातानं, सैल मनगटानं, रेघ ओढली. मग पडद्याकडं वाकून आणखी एक ओढली.

“वारा असेल,” ती म्हणाली.

“वारा रेघेला लागतो?”

“खारी हवा.”

“तुमच्या पडवीत काय गोडी हवा येते?”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता मला खाडीत ढकलते. पण ती पाटीकडं वळली, ती उलटी केली, तिच्या पाठीवर बोटं वाजवली. मग एकदम म्हणाली, “बस मागं. घरी चल.”

पुन्हा कट्ट्यावर

मला सगळ्यांत आवडलेला प्रवास कुठला असं कुणी विचारलं तर मी भाट्यापासून तिच्या पडवीपर्यंतचा सांगेन, कारण त्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही आणि तरी ती विचार करते आहे हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

घरी आल्यावर तिनं पाटी कट्ट्यावर ठेवली. रेघ सरळ. मग पाटीखाली दोन जाड पुस्तकं सरकवली. रेघ थरथरली. पुस्तकं काढली, सरळ. परत घातली, थरथर. शालूकाकी तार सोडून उठल्या आणि आम्ही तिघी त्या कट्ट्याकडं अशा बघायला लागलो जसा तो आत्ताच खोकला आहे.

संपदा आतून एका जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आली. कट्ट्याच्या कोपऱ्यात चिऱ्याची झडलेली भुकटी साठली होती, तीत ते फिरवलं. उचललं तेव्हा त्याच्या कडेला तांबड्या भुकटीची लव आली होती, नुकत्याच उगवलेल्या मिशीसारखी.

“लोखंड,” ती म्हणाली. आणि तिथंच, त्या कट्ट्यालाच टेकून खाली बसली.

मग तिनं मला समजावलं. या पेनात बॅटरी नसते. पाटीच्या पोटात तारांची जाळी असते, ती पेनातल्या गुंडाळीला चुंबकानं हुडकते. जवळ लोखंड असलं की ती गोंधळते. बाजारातल्या पाट्यांत म्हणून जाळीखाली आडोशाला एक खास पातळ पत्रा घालतात. संपदानं तो काढून टाकला होता, पाटी हलकी व्हावी, पोरांच्या दप्तरात मावावी म्हणून. त्याच्या बदल्यात ती प्रत्येक पाटी हातानं जुळवायची, रेघ सरळ येईपर्यंत. आणि जुळवायची या कट्ट्यावर.

“लोखंडी टेबल होतं माझ्याकडं,” ती म्हणाली. “मुद्दाम विकलं. म्हटलं लोखंड जवळ नको. दगडाचा कट्टा बरा.”

काकींनी कपाळाला हात लावला. “आणि दगडच लोखंडाचा! अख्खी रत्नागिरी बसली हाय त्याच्यावर!”

अशी चूक फक्त इथंच होऊ शकते. आमच्याकडं साध्या लाकडी टेबलावर कुणी ही पाटी जुळवली असती तर ती तिथंही चालली असती आणि मुंबईतही. तिनं ती अशा दगडावर जुळवली होती की ती त्या दगडावरच खरं बोलायची.

“पत्रा घालायचा आणि लाकडावर जुळवायचं. होतंय ते,” संपदा म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “पण उद्या शनिवार.”

जयगड

सकाळच्या एसटीत आम्ही दोघीच होतो म्हणायला हरकत नाही. बाकी सगळे झोपेत होते. मांडीवर पाट्यांचं खोकं. जुन्या जुळणीच्या पाट्या, कारण दुसऱ्या तयारच नव्हत्या. बाहेर सपाट माळ, त्याला इथं सडा म्हणतात, नुसता दगड आणि त्यावर वाळलेलं गवत. मध्येच रस्ता खाली कोसळायचा आणि माडांमधून समुद्र दिसायचा.

मी काल रात्रीपासून जे म्हणायचं ठरवलं होतं ते म्हटलं. “त्यांना सांगायलाच हवं.”

“तू कधी जाणार परत?” तिनं विचारलं.

“उद्या.”

“हां. म्हणजे उद्या तू घाट चढशील. काकी सोमवारी माझ्याच पडवीत येणार. सांगितलं आणि त्यांनी नाय म्हटलं, तर काकीला तू सांगशील?”

माझ्याजवळ उत्तरं होती, तोंडपाठ. ग्राहकाचा हक्क, कारागिराची जबाबदारी, लपवलेला दोष. पत्रकात ती सगळी शोभली असती. मी म्हटलं, “सांगेन. काकीला मी सांगेन.”

जयगडची शाळा खाडीवरच्या उंचवट्यावर आहे. तिथून बंदराच्या अजस्र याऱ्या, म्हणजे क्रेन, दिसतात, खाली कोळशाची बोट, आणि त्या सगळ्याच्या पायाशी मासेमारीच्या होड्या, एवढ्याशा, रंगीत. साळवी सर दारातच भेटले. चित्रकलेचे शिक्षक, निवृत्तीला आलेले, सदऱ्याच्या खिशाला रंगाचा डाग. त्यांच्यामागं सातआठ शिक्षक-शिक्षिका.

“ये संपदा. आत वर्गात उकडतंय. आपण बाहेर व्हरांड्यात बसूया, खाली फरशीवरच. खाडीचा वारा येतो.”

मी खाली पाहिलं. फरशी चिऱ्याची होती. घासून गुळगुळीत झालेली, तांबडी.

संपदानंही पाहिलं. तिनं खोकं फरशीवर ठेवलं. सगळे बसायला लागले, कुणी लॅपटॉप उघडला. अजून काही न बोलता, निव्वळ गप्प बसून, सगळं मिळणार होतं. माझ्यानं राहवेना. मी तोंड उघडलं.

“तू गप,” संपदा माझ्याकडं न बघता म्हणाली. “पाटी माझी आहे.”

मग तिनं खोकं पुन्हा उचललं. “सर, आत बाकांवर बसू. मुलं बाकावरच बसणार ना?”

आत खरंच उकडत होतं. लाकडी बाकांवर पाट्या ठेवल्या. एका तरुण शिक्षिकेनं डोंगर काढायला घेतला आणि दुसऱ्याच रेघेला त्या थांबल्या. “अहो, हे काय? माझा डोंगर शहारलाय.”

कुणीतरी हसलं. साळवी सरांनी चष्मा वर केला.

“ती पाटी घेऊन बाहेर चला,” संपदा म्हणाली. बाहेर तिनं ती फरशीवर ठेवली आणि त्याच बाईंना पुन्हा डोंगर काढायला लावला. दोन्ही उतार सुतासारखे आले. सगळे गोल करून उभे राहिले. मग तिनं खिशातून लोहचुंबक काढलं, फरशीच्या सांध्यातल्या भुकटीवर फिरवलं आणि सगळ्यांना दाखवलं. पत्र्याचं सांगितलं, कट्ट्याचं सांगितलं, टेबल विकल्याचंही. एकही शब्द मऊ केला नाही.

“म्हणजे ही पाटी फक्त कोकणात चालेल म्हणा,” एक शिक्षक म्हणाले.

“कोकणातही फक्त जमिनीवर,” संपदा म्हणाली.

सगळे हसले. ती हसली नाही. साळवी सर मात्र पाटी हातात धरून उभे होते.

“तू सांगितलं नसतंस तर आम्हाला इथं कळलं असतं?”

“नाय सर. शाळा सुरू झाल्यावर कळलं असतं. पोरांना वाटलं असतं, आपल्याला रेघ येत नाय.”

सरांनी पाटी खोक्यात ठेवली, झाकण नीट बसवलं. “आज आम्ही घेत नाय. नव्या जुळणीच्या घेऊन ये. इथंच, याच बाकांवर बघू. मग बोलू.”

एवढंच. ना हार, ना टाळ्या. मी पत्रकात असा शेवट कधी लिहिला नसता. ‘आज घेत नाय’ यात जिंकलं कोण?

बसथांब्यावर आलो. समोर बंदर होतं, यारी सावकाश वळत होती. मी मनात काकीसाठी वाक्यं जुळवायला लागले. शब्द दिला होता. संपदानं फोन काढला आणि बंदरातल्या साहेबांना लावला.

“नमस्कार साहेब. मी येत नाय नोकरीला... नाय, पगाराचं काही नाय... तुमचं बरोबर आहे, पुन्हा नाय मिळणार. हो. आभारी आहे.”

मी म्हटलं, “पण मागणी तर मिळाली नाही!”

“मागणीचं काय,” ती म्हणाली. “चूक कुठं आहे तेच इतके दिवस कळत नव्हतं, त्यानं मी खचले होते. आता कळलंय. आता मला बंदरात जायचं कारण काय?”

तिनं काकीला फोन केला, उद्या रविवार असला तरी ये म्हणून सांगितलं, आणि मी माझी वाक्यं गिळली. मग तिनं तिसरा फोन लावला. राजापूरच्या कुणी बाई होत्या. तिची पाटी घेतलेल्या प्रत्येकाला ती फोन करणार होती, तक्रार केलेल्यांना आणि न केलेल्यांनाही. मला हे सुचलं नव्हतं.

“नमस्कार, रत्नागिरीहून संपदा मयेकर. तुमच्या पाटीची तिरकी रेघ थरथरते ना?... मी तुम्हाला मनगट सैल सोडा म्हटलं होतं, ते चुकीचं होतं. तुमच्या हाताचा काही दोष नाय. पाटीच मी चुकीची जुळवली. परत पाठवा, मी दुरुस्त करून देते.”

पलीकडून आवाज एवढा मोठा आला की तो मलाही ऐकू आला.

“अगो बाय, आणि मी दिवाळीपासून हाताला तेल चोळतंय!”